पट्टा

एकतीस वर्षं मी तहसील कचेरीत कारकुनी केली, आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून किती पट्टे गेले याचा हिशेब आता चित्रगुप्तालाच विचारावा लागेल. भूमिहीनाच्या जमिनीचा पट्टा, आबादीतल्या घराच्या जागेचा पट्टा, तलावाच्या पोटातल्या गाळपेराचा पट्टा, आणि २००६चा वनहक्क कायदा आल्यापासून जंगलातल्या वहितीचा पट्टा. लोक पट्ट्यासाठी यायचे, मी 'उद्या या' म्हणायचो, ते उद्या यायचे, मी परवा बोलवायचो. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. निदान मला तरी वाटायचं नाही. तर निवृत्तीनंतर, बासष्टाव्या वर्षी, एका पट्ट्यानं माझ्याकडून या सगळ्याची व्याजासकट वसुली केली. ऐकून तुम्हाला आनंद होणार असेल तर होऊ द्या, मी राग धरणार नाही. चहा घ्या आणि ऐका.

पट्टा कुत्र्याचा होता. विजेवर चालणारा.

सुरुवात रानडुकरांपासून झाली. भंडाऱ्याहून तासाभराच्या आत पोचता येईल अशी आमची अडीच एकर धानाची शेती आहे, कोका अभयारण्याच्या कडेला. हे जंगल २०१३ साली अभयारण्य झालं. डुकरं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या बांध्यांना स्वतःच्या समजत आली आहेत. धान दुधावर आलं की रात्री कळप उतरतो, खातो थोडं, लोळतो फार, आणि सकाळी बांधी पाहावी तर लग्नाचं वऱ्हाड झोपून गेलेल्या सतरंजीसारखी दिसते. गावातले लोक मचाणावर बसून, डबे वाजवून रात्र जागवतात. मीही एक रात्र मचाणावर काढली. डुकरं कधी आली ते मला ठाऊक नाही, कारण मला झोप लागली होती. सकाळी शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं, की माझ्या घोरण्याला घाबरून डुकरं आधी त्याच्या बांधीत शिरली, आणि मग हा आवाज रोजचाच दिसतो असं ध्यानात आल्यावर माझ्या बांधीत परतली.

तेव्हा कुत्रा पाळायचं ठरलं. तसा आमच्या घराण्याला शिकारीचा वारसा आहे. आमचे आजोबा मालगुजारांबरोबर शिकारीला जायचे, हे मी कचेरीत, सोयरिकीत आणि रेल्वेच्या डब्यात हजारदा सांगितलं असेल. ते खरंही आहे. शिकारीत त्यांच्याकडे जेवणाचा डबा धरायचं काम असे, एवढं मात्र मी सांगत नसे.

कचेरीतले माझे एक जुने स्नेही लातूरकडचे. त्यांनी कारवान जातीचं पिल्लू आणून दिलं. कारवान म्हणजे दख्खनचा शिकारी कुत्रा: लांबट तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर, पोट पाठीला चिकटलेलं. मुधोळचा प्रसिद्ध कुत्रा याच कुळातला. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी त्याची पिल्लं थेट पंचम जॉर्जला भेट दिली होती, आणि २००५ साली आपल्या टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं. ही माहिती मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. येणारा-जाणारा ती ऐकून घेई, पिल्लाच्या बरगड्या मोजी आणि सौ.ला बाजूला घेऊन विचारी, "कुतऱ्याले खायले देता की नाई जी?"

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा वाघ्या, मोती, टायगर अशी नेहमीची यादी निघाली. मी म्हटलं, रावसाहेब. आमच्या कचेरीत तहसीलदारांना रावसाहेब म्हणतात. एकतीस वर्षं 'रावसाहेब, एक सही' म्हणत मी त्या दाराशी उभा राहिलो. आता निदान एका रावसाहेबाला मी 'बस' म्हणावं आणि त्यानं बसावं, एवढीच माझी म्हातारपणाची हौस होती. मी 'बस' म्हटलं. तो उभा राहिला. 'ये' म्हटलं, तो आला नाही. 'थांब' म्हटलं, तो निघून गेला.

नाव अगदी चपखल बसलं होतं.

कारवान हा नजरेनं शिकार करणारा प्राणी. जमीन हुंगत माग काढणारी कुत्र्यांची जात वेगळी. याला दूरवर काहीतरी पळताना दिसलं पाहिजे, म्हणजे मग मधे धुरा असो, बोडी असो की मालक असो, हा बाणासारखा सुटतो. मला वाटलं, आता डुकरांची धडगत नाही. पण यात एक मेख होती. डुक्कर पळत नाही. पहिल्याच रात्री कळप उतरला, रावसाहेब ऐटीत पुढे झाले, म्होरक्या डुकरानं मान वर करून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. रावसाहेबांनी प्रकरण तपासलं, आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा शेरा मारला आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. खरं तर मागे उभं राहण्याची कल्पना मलाही सुचली होती. पण मागची जागा भरली होती.

जे पळतं त्याची मात्र खैर नव्हती. ससा, मोर, शेजाऱ्याच्या शेळ्या, लुनावरचा दूधवाला, वाऱ्यानं उडालेलं माझं धोतर, आणि एके दिवशी जंगलाच्या कडेला चरणारी चितळं. चितळं हाती लागली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वनरक्षक दारात आला. पोरगा तरणा आणि फार सभ्य होता. त्यानं चहा घेतला, सौ.च्या हातच्या पातोड्यांची तारीफ केली आणि मग समजावून सांगितलं, की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, हाकणं, पाठलाग करणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं ही सुद्धा शिकारच, आणि अभयारण्याच्या हद्दीत झाली तर कमीत कमी तीन वर्षं आत. "काका," तो म्हणाला, "कुत्रा तुमचा, म्हणजे शिकारी तुम्हीच."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी शिकारी म्हटलं होतं, आणि ते हे असं.

बांधून ठेवावा तर रावसाहेब असे हंबरडे फोडत की गल्लीतले लोक कुणाकडे गेलं म्हणून चौकशीला येत. मोकळा सोडावा तर मला तुरुंग. अशा पेचात पुण्याच्या भाच्याचा फोन आला. हा भाचा संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर बटण असतं अशी त्याची श्रद्धा आहे. तो म्हणाला, "मामा, रिमोटचा पट्टा घ्या." मग त्यानं सांगितलं, की हे पट्टे अमेरिकेत १९६०च्या दशकात शिकारी कुत्र्यांसाठीच निघाले. रकूनच्या मागावर सोडलेली कुत्री रकून सोडून हरणामागे लागत, त्यांना लांबूनच 'हे नको' असं सांगायला हा पट्टा. म्हणजे शिकारी कुत्र्यानं शिकार करू नये म्हणून काढलेली वस्तू! माझी केस त्यात तंतोतंत बसत होती.

आता निवड. तुम्ही म्हणाल, पट्टा घ्यायचा त्यात निवड ती काय? मीही तसंच म्हणत होतो. मोबाइल उघडला तर पट्टेच पट्टे. एकाचा पल्ला तीनशे मीटर, दुसऱ्याचा किलोमीटरभर. भाचा म्हणाला, हे आकडे मोकळ्या मैदानातले असतात, सागवान-बांबूच्या जंगलात आणि भिजलेल्या पिकात निम्मे उरले तरी नशीब. प्रत्येकाला तीन बटणं: एक नुसता 'टीं' वाजवायचं, दुसरं पट्टा थरथरवायचं, तिसरं झटक्याचं. झटक्याला शून्यापासून नव्याण्णवपर्यंत पातळ्या. आतल्या बाजूला धातूच्या दोन खुंट्या, त्या कातडीला टेकल्या तरच झटका पोचतो. दाट केसांच्या कुत्र्याला लांब खुंट्या, आखूड केसांच्याला आखूड. शिवाय 'आयपी ६७' नावाची एक पदवी, जिचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पट्टा मरत नाही. मी फुलस्केप घेतला, रकाने आखले, पल्ला, पातळ्या, खुंट्या, पाणी, वजन, बॅटरी असा अकरा पट्ट्यांचा तुलनात्मक तक्ता केला, शेवटी लाल शाईनं 'सादर' लिहिलं. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. मग कचेरीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यात स्वस्त तो मंजूर केला.

या सगळ्या अभ्यासात एकच गोष्ट मी पाहिली नाही, ती म्हणजे रावसाहेबांची मान. कारवानची मान आणि डोकं जवळजवळ सारख्याच जाडीचं असतं. साधा पट्टा त्यानं मागे रेटा दिला की कानांवरून टोपीसारखा निघून येतो. त्याला ओढ बसली की आपोआप आवळणारा पट्टा लागतो. ही सूचना माहितीपुस्तकात होती की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण माहितीपुस्तक रावसाहेबांनी खाल्लं.

पार्सल आल्यावर मी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला गेलो. वस्तू विकत घेऊन झाल्यावर सल्ला घ्यायचा, ही माझी जुनी सवय. डॉक्टरांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आधी आठ-दहा दिवस बंद ठेवून नुसताच बांधा. दोन बोटं जातील इतका सैल. दिवसरात्र ठेवू नका, खुंट्यांनी मानेला जखमा होतात. आधी दोरीवर शिकवा. जे त्याला येतच नाही, ते बटणानं येणार नाही. पातळी सगळ्यात खालची, जिथं नुसता कान हलेल तेवढीच. आणि क्षण साधला पाहिजे. सेकंदभर उशीर झाला तर त्याला वाटेल, त्या सेकंदाला जे दिसलं त्यानंच आपल्याला चावलं." मी मान डोलावत होतो. "आणि मला विचाराल," ते पुढे म्हणाले, "तर वापरूच नका. वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे यावर. आपल्याकडेही प्राण्यांना क्लेश देण्याविरुद्ध १९६०चा कायदा आहे."

म्हणजे जंगलात सोडला तर १९७२, आणि घरी शिकवला तर १९६०. दोन कायद्यांच्या मधे माझ्यासाठी बारा वर्षांची मोकळी जागा होती.

तरी एक गोष्ट माझ्या बाजूनं सांगतो. कुत्र्याच्या आधी मी तो पट्टा स्वतःवर लावून पाहिला. दुपारचा चहा घेताना पट्टा डाव्या मनगटावर ठेवला, पातळी दहा केली, बटण दाबलं. काही नाही. वीस, काही नाही. तीस, काही नाही. स्वस्तातला माल, बिघडलेला निघाला, असं मनाशी म्हणत मी पातळी पंचेचाळीसवर नेली. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की खुंट्या कातडीला टेकलेल्याच नाहीत, म्हणून पट्टा गच्च दाबला. बटणावरचं बोट मात्र काढलं नव्हतं. पुढचं मला सलग आठवत नाही. बशी कोनाड्यात सापडली. कप सापडलाच नाही. जमिनीवर सांडलेला चहा रावसाहेबांनी चाटून लख्ख केला.

प्रशिक्षण योजनेचे ते पहिले लाभार्थी.

दहा दिवस बंद पट्टा बांधून झाला, आणि पातळी आठवर ठेवून शिक्षण सुरू झालं. चष्मा लावला तर लांबचा कुत्रा दिसत नाही, काढला तर हातातलं बटण दिसत नाही, अशी माझी नेत्रस्थिती. पहिल्याच दिवशी रावसाहेब दारातून बाहेर सटकले, मी 'थांब' ओरडलो, बटण चाचपलं, 'टीं'चं म्हणून थरथरीचं दाबलं, आणि तेही इतक्या उशिरा की तोवर रावसाहेब बाहेरचा फेरफटका आटपून अंगणात परतले होते आणि तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यावर एक पाय वर करण्याच्या बेतात होते. त्या दिवसापासून त्यांनी तुळशीला असा लांबचा वळसा घालायला सुरुवात केली की बघणाऱ्याला ते सोवळ्यात आहेत असं वाटावं. दोन वर्षं फडकं घेऊन वृंदावन पुसणाऱ्या सौ.नं मला पहिल्यांदाच शाबासकी दिली. मी ती घेतली. माझ्या हातून झालेलं ते एकमेव यशस्वी प्रशिक्षण, आणि तेही चुकून.

दुसरी चूक इतकी गोड नव्हती. मृगाचा पहिला पाऊस आला त्या दिवशी रिमोट माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि आधल्या दिवशी नातवानं त्याच्या पातळीशी खेळ केला होता. मी ओसरीत उभा राहून छत्री उघडत होतो. आमची छत्री जुनी, बटणाची. ती फाड्कन उघडते. उघडताना कोपर खिशावर दाबलं गेलं. समोर बसलेल्या रावसाहेबांच्या डोळ्यांपुढे एक काळं पाखरू अचानक पंख पसरून फडफडलं आणि त्याच क्षणी त्यानं त्यांच्या मानेला डंख मारला. ते ओरडलेही नाहीत. एकदाच उडाले, आणि खाटेखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मी पट्टा काढला, मान चोळली, भाताचा गोळा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन दिवस पाहिलं नाही. कचेरीत खिडकीवरून परत फिरवलेले लोक जाताना मागे वळून पाहायचे नाहीत, ते मला त्या दोन दिवसांत बऱ्याचदा आठवलं. यापुढे झटक्याचं बटण दाबायचं नाही असं मी ठरवलं, आणि ते दाबता येऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. फक्त 'टीं' आणि फार तर थरथर, एवढंच ठेवायचं. पण रावसाहेबांचा निकाल लागला होता: जगात सगळ्यात घातक वस्तू म्हणजे छत्री. त्यावर अपील नव्हतं. भर पावसाळ्यात मी छत्री सोडून डोक्यावर युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन फिरायला लागलो.

आता जुलैतला तो दिवस. आमच्या बांधीत रोवणी चालली होती. चिखलणी झालेली, पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावर टाकलेल्या, वीस-बावीस बाया ओळीत वाकून मागे सरकत रोवत होत्या. बाजूनं रिमझिम. मी पोत्याची खोळ पांघरून धुऱ्यावर मालकासारखा उभा होतो, म्हणजे कुणाच्याही उपयोगाचा नव्हतो. शेजारी रावसाहेब, गळ्यात पट्टा, दोरीला बांधलेले. इतक्यात पाऊस वाढला आणि पलीकडच्या धुऱ्यावरून येणाऱ्या शेजाऱ्यानं छत्री उघडली. काळी. बटणाची.

रावसाहेबांनी मागे रेटा दिला. पट्टा कानांवरून टोपीसारखा निघाला, हवेत गेला आणि बांधीत पडला. रावसाहेब पूर्वेला निघाले ते ठिपका होईपर्यंत पळाले. माझ्या हातात दोरी उरली. मी पट्ट्याला मारलेली दोरीची गाठही त्याच हिसक्यात सुटली होती, हे ओघानं आलंच.

कुत्रा घरी जाईल, पण पट्टा? पैसे मोजलेली वस्तू. मी पायजमा गुडघ्यावर घेऊन बांधीत उतरलो आणि रिमोटचं 'टीं' दाबत कान लावून फिरायला लागलो. पावसाळ्यातल्या बांधीत बेडूक किती असतात याची तुम्हाला कल्पना आहे. त्यातला प्रत्येक मला उत्तर देत होता. मी दाबायचो, थांबायचो, वाकायचो, चिखलात हात घालायचो, आणि हाती बेडूक यायचा. बाया रोवणं थांबवून सरळ उभ्या राहिल्या. शेवटी एकीनं विचारलंच.

"बाबूजी, काय ढुंढून राह्यले जी?"

"पट्टा," मी म्हणालो. "पट्टा हरवला."

"पट्टा? मंग चिखलात काहून? तहसीलात जा ना जी!"

"तिथं काय होते वं," दुसरी म्हणाली, "तिथं गेलं का 'उद्या या' म्हनतेत."

सगळी ओळ हसली. ती बाई मला ओळखून बोलली की न ओळखता, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आणि त्याच वेळी ओळीच्या शेवटाकडे एका म्हातारीच्या हाताला चिखलात काहीतरी लागलं. तिनं ते मुठीत धरून वर काढलं. मी आनंदानं बटण दाबलं. 'टीं'चं दाबायचं म्हणून, हे तुम्ही ओळखलंच असेल, थरथरीचं. म्हातारीच्या मुठीत ती चिखलानं माखलेली वस्तू घरघर वळवळली. जन्मभर बांध्यांत मासे धरलेली बाई. तिला वाटलं मांगूर. "मासा! मासा!" करत तिनं तो धुऱ्याकडे भिरकावला, कारण हाती आलेला मासा कोरड्यावर टाकायचा हा नियम आहे. पट्टा माझ्या डोक्यावरून जायला लागला. अडीच एकराचा मालक, निवृत्त अव्वल कारकून, शिकाऱ्याचा नातू, मी त्याला झेलायला उडी मारली. म्हणजे वरचं अर्धं अंग उडालं. पाय चिखलात रुतले होते.

मान आधी पोचली.

मला बैलगाडीतून घरी आणलं. गाडीत माझ्या उशाशी पट्टा होता, धुऊन ठेवलेला, आणि दर मिनिटाला त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. 'आयपी ६७' ही एवढी एकच गोष्ट त्या जाहिरातीत खरी निघाली. घरी पोचलो तर रावसाहेब माझ्या खाटेवर, माझ्या उशीवर डोकं ठेवून, कोरडे ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या मला या सगळ्या प्रकरणाचा उलगडा झाला. रावसाहेब सकाळीच सुटले होते, जंगलाच्या कडेपर्यंत गेले असावेत. सौ. स्वयंपाकघरात होती. तिच्याकडे लग्नात मिळालेला मुरमुऱ्यांचा पितळी डबा आहे, भंडाऱ्याच्या कासारानं ठोकलेला, चाळीस वर्षांचा. तिनं त्याचं झाकण उघडलं. टण्ण असा आवाज झाला. मी मनात दहा मोजले नसतील, तोच रावसाहेब अंगण ओलांडून, तुळशीला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. बसले. कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. सौ.नं चार मुरमुरे पुढे टाकले.

"हा असा येतो?" मी खाटेवरून विचारलं.

"पिल्लू होता तेव्हापासून येतो. लांब गेला की मी डबा वाजवते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तक्ता करत होता," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात त्या तक्त्यात बारावी ओळ वाढवली. पल्ला: जंगलाच्या कडेपर्यंत. पातळ्या: एक. बॅटरी: लागत नाही. पाण्यात टिकतो का: चाळीस वर्षं घासला जातोय. किंमत: चार मुरमुरे. आणि वापरणाऱ्याला लागणारं शिक्षण: कुत्र्याआधी स्वतः शिकावं लागत नाही. हा शेवटचा रकाना मी पहिल्याच दिवशी आखायला हवा होता. त्या बटणामागच्या माणसाला कुत्र्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळायला लागतात, क्षण साधायला लागतो, आणि चूक झाली तर ती दुसऱ्याच्या मानेवर जाते. या तिन्ही बाबतींत माझा एकतीस वर्षांचा अनुभव बरोबर उलटा होता.

डुकरांचं म्हणाल तर गावातल्या पोरांनी यंदा पाळ्या लावल्यात, माझ्या वाट्याची रात्र त्यांनी आपणहून वाटून घेतली. मचाणावर मी नसलो तर सगळ्यांनाच सोयीचं पडतं. डबा वाजला की रावसाहेब परत फिरतात, म्हणून वनरक्षकही आता नुसत्या पातोड्यांसाठी येतो. विजेचा पट्टा कोनाड्यात आहे. कुणाला हवा असेल तर मी देणार नाही. पण तुम्ही दुकानातून घ्यायला निघाला असाल तर आधी घरातले सगळे डबे एकदा वाजवून पाहा.

मानेचा फोटो काढला तेव्हा हाडाला काही झालेलं नव्हतं, स्नायू दुखावलेत एवढंच. हाडांच्या डॉक्टरांनी गळ्यात पट्टा दिलाय, पांढरा, फोमचा, मागून चिकटणारा. दोन बोटं जातील इतका सैल ठेवायचा, असं त्यांनीही बजावलं. तो घालून मला डावी-उजवीकडे पाहता येत नाही, खाली वाकता येत नाही, आणि सौ.नं हाक मारली की सगळं अंग वळवावं लागतं. रावसाहेब मोकळ्या मानेनं समोर बसून माझ्याकडे बघत असतात. एकवीस दिवस घालायचा आहे. आजचा नववा.